क्षारतेच्या रकान्यात वेळही लिहा : आक्रमक खेकड्यांविषयी एक खुले पत्र

प्रति,
सागरी पर्यावरण संरक्षण समिती, आंतरराष्ट्रीय सागरी संघटना,
आणि बॅलास्ट पाण्याच्या सवलती मंजूर करणारी देशोदेशींची सागरी प्रशासने

मान्यवर सदस्यहो,

२००४ साली स्वीकारलेला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आलेला बॅलास्ट पाण्याचा करार हा समुद्रातल्या जीवसृष्टीच्या बाजूने झालेला फार मोठा निर्णय आहे, असे मी मनापासून मानते. जहाज तोलात राहावे म्हणून एका बंदरात भरलेले पाणी दुसऱ्या बंदरात सोडले जाते आणि त्याच्यासोबत तिथले जीवही सोडले जातात, हे जगाने मान्य करायलाच कित्येक दशके गेली. आता डी-२ मानकानुसार ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटर पाण्यात दहापेक्षा कमी असावे लागतात. खेकड्याचे नवजात पिल्लू त्याहून कितीतरी मोठे असते, म्हणजे हा नियम खेकड्यांनाही लागू पडतो. त्याविषयी माझी तक्रार नाही.

हे पत्र नियम ए-४ विषयी आहे. ठरावीक बंदरांमध्येच ये-जा करणाऱ्या जहाजाला जोखीम तपासून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी या अटींतून सूट देता येते. अशी सूट मागताना क्षारतेचा मुद्दा सर्वांत सोपा आणि चटकन पटणारा वाटतो. एक बंदर पूर्ण खाऱ्या पाण्याचे, दुसरे नदीच्या मुखातले, मचूळ पाण्याचे. इकडचा जीव तिकडे जगणार नाही, मग प्रक्रियेचा खर्च कशाला? पुष्कळ जीवांच्या बाबतीत हा युक्तिवाद बरोबर आहे. किनाऱ्यावरच्या आक्रमक खेकड्यांच्या बाबतीत तो कुठे तुटतो, ते मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

सवलतीसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत. त्यांत ऋतुमानानुसार पृष्ठभागाची आणि तळाची क्षारता मागितली आहे, आणि जीवाच्या प्रत्येक अवस्थेची सहनशक्ती पाहावी असेही म्हटले आहे. हे दोन्ही योग्यच आहे. पण किमान आणि कमाल आकड्यांच्या या रकान्यांमधून वेळ निसटतो. पाणी किती तास गोडे राहिले, सलग किती दिवस, किती वेगाने उतरले आणि तेव्हा त्याचे तापमान काय होते? खेकड्याचे जगणे-मरणे नेमके यावर ठरते.

युरोपीय हिरवा खेकडा, कार्सिनस मेनास, हा माझा मुख्य साक्षीदार. मूळचा युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. १८१७ मध्ये तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोंदला गेला, १९०० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट फिलिप उपसागरात, १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरात, २००३ मध्ये अर्जेंटिनात. २०२२ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्याला त्याच्यासाठी आणीबाणीचा आदेश काढावा लागला आणि त्याच वर्षी तो अलास्कात पोहोचला. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. अभ्यासग्रंथांतून त्याच्यापुढे बहुधा एकच ओळ लिहिलेली असते : क्षारता दर हजारी ४ ते ५२ पर्यंत सहन करतो. समुद्राची सरासरी क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास, हे लक्षात घेतले तर हा पल्ला थक्क करणारा आहे. पण तो पल्ला प्रौढ खेकड्याचा आहे, पिल्लाचा नव्हे. आणि हा खेकडा एका दिवसात त्या टोकापर्यंत जाऊन सुखरूप परततो, असा त्याचा अर्थ होत नाही.

पूर्ण खाऱ्या पाण्यात या खेकड्याच्या रक्ताची तीव्रता बाहेरच्या पाण्याइतकीच असते, त्यामुळे पाणी आत-बाहेर होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. क्षारता साधारण २५-२६ च्या खाली उतरली की चित्र बदलते. आता रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारे राखायचे असते. कल्ल्यांमधून पाणी आत शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. शिरलेले पाणी मूत्रावाटे टाकता येते, पण रक्तापेक्षा पातळ मूत्र हा खेकडा तयार करू शकत नाही. म्हणजे पाणी टाकताना प्रत्येक वेळी क्षारही जातात. गळक्या होडीतून पाणी उपसताना होडीतले धान्यही थोडे थोडे सांडत जावे, तसा हा व्यवहार आहे. गेलेले क्षार भरून काढण्याचा मार्ग एकच : सभोवतालच्या पातळ पाण्यातून ते ओढून घेणे.

हे काम मागचे कल्ले करतात. या खेकड्याला कल्ल्यांच्या नऊ जोड्या असतात. पुढच्या जोड्या मुख्यतः श्वसनासाठी; मागच्या तीन जोड्यांमध्ये जाड, ऊर्जाकेंद्रांनी भरलेल्या पेशींचे अस्तर असते आणि क्षार ओढून घेणारा सोडियम-पोटॅशियम पंप तिथेच जोमाने चालतो. कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचे विकर (एन्झाइम) या पेशींना क्षारांच्या अदलाबदलीसाठी लागणारे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पुरवते. पाणी पातळ झाले की मागच्या कल्ल्यांत या दोहोंची क्रिया वाढते, विकराची तर कित्येक पटींनी. मात्र ही वाढ क्षणात होत नाही. तिला दिवस लागतात. नवे विकर तयार व्हावे लागते.

मग तोवर खेकडा तग कसा धरतो? मला या प्राण्याविषयी सर्वांत जास्त आदर इथे वाटतो. पहिले म्हणजे त्याला पाण्यातला फरक कळतो आणि तो चालू लागतो. नदीमुखात गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि खारे पाणी तळाशी पाचरीसारखे आत घुसते. तळावर राहणाऱ्या खेकड्याला पृष्ठभागावरच्या आकड्याशी काही देणेघेणे नसते. भरतीबरोबर तो आत येतो, चरतो आणि ओहोटीला परततो. दुसरे, पातळ पाण्यात त्याच्या शरीराची पारगम्यता घटते, म्हणजे गळतीच कमी होते. तिसरे, रक्त पातळ होऊ लागले की पेशी फुगू नयेत म्हणून तो पेशींमधली ग्लायसीन, प्रोलीन, अॅलनीन यांसारखी मुक्त अमिनो आम्ले कमी करतो. त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. या तिन्हींच्या बळावर काही तास सहज निघतात. भरती-ओहोटीच्या बंदरात काही तास म्हणजे पुरेसा वेळ, कारण तेवढ्यात खारे पाणी परत आलेले असते.

म्हणून एखाद्या बंदराची किमान क्षारता ३ असली तरी ती ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यातच तेवढी असेल, तर हिरव्या खेकड्याला ते बंदर बंद नाही. उलट ज्या बंदराची किमान क्षारता ८ आहे पण ती तळापर्यंत सलग काही आठवडे थंड पाण्यात टिकते, ते बंदर त्याला कितीतरी अवघड. किमान आकड्यांच्या तक्त्यात पहिले बंदर सुरक्षित दिसेल आणि दुसरे धोक्याचे.

या सगळ्याची किंमत तो ऊर्जेत मोजतो. पातळ पाण्यात त्याचा प्राणवायूचा वापर वाढतो, हृदय जलद चालते. अन्न मुबलक असेल तर हा खर्च भागतो. शिंपल्यांची शेती असलेल्या खाडीत अन्न मुबलकच असते, हेही जोखीम तपासताना ध्यानात घ्यावे लागेल. त्यातही सर्व खेकडे सारखे नसतात. जे बराच काळ कात टाकत नाहीत त्यांचा रंग हिरव्याकडून लालसर होत जातो, कवच जाड होते, झुंजीत ते वरचढ ठरतात. पण कमी क्षारता त्यांना हिरव्यांइतकी मानवत नाही. खाडीच्या आतल्या, मचूळ भागात म्हणून हिरवे खेकडे जास्त सापडतात. मुखाजवळच सापळे लावून सर्वेक्षण केले तर वसाहतीचा अर्धाच चेहरा हाती येतो.

आता पिल्लांकडे येते, कारण खरा अडसर तिथे आहे.

हिरव्या खेकड्याच्या अंड्यातून बाहेर पडणारा डिंभ, झोइया, पाण्यात तरंगणारा काटेरी जीव असतो. झोइयाच्या चार अवस्था, मग मेगॅलोपा म्हणजे तळाशी बसण्याआधीची शेवटची डिंभावस्था, मग पहिला छोटा खेकडा. या प्रवासात क्षारतेशी झुंजण्याची क्षमता सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या झोइयात ती थोडीफार असते. नंतरच्या झोइया अवस्थांत जवळजवळ नाहीशी होते. रक्त पाण्याच्या मागे मागे जाते. मेगॅलोपात ती पुन्हा दिसू लागते आणि छोट्या खेकड्यात भक्कम होते. हा क्रम त्यांच्या प्रवासाशी तंतोतंत जुळतो. झोइया खाडीत किंवा तिच्या मुखाशी जन्मते आणि ओहोटीच्या पाण्यात वर पोहून समुद्राकडे वाहून जाते; थोडा वेळ मचूळ पाणी सोसता आले की तिचे भागते. मधल्या अवस्था खुल्या समुद्रात जातात, तिथे या क्षमतेची गरज नसते. मेगॅलोपाला मात्र भरतीबरोबर परत खाडीत शिरायचे असते. क्षारता साधारण २० च्या खाली राहिली तर झोइयांची वाढ पुरी होणे अवघड होते आणि पाणी थंड असेल तर ही मर्यादा आणखी कडक होते.

याचा सवलतीच्या निर्णयाशी थेट संबंध आहे. मचूळ बंदरात ओतलेल्या पाण्यातली तिसऱ्या अवस्थेची झोइया बहुधा मरेल. त्याच पाण्यातला मेगॅलोपा मरेलच असे नाही. तो तळाशी बसेल, कात टाकून खेकडा होईल आणि मोठी झालेली मादी अंडी घेऊन खाऱ्या पाण्याकडे उतरेल. म्हणजे त्या बंदराच्या धक्क्याजवळ झोइया वाढू शकते का, हा प्रश्नच चुकीचा. त्या धक्क्यापासून मादी चालत जाऊ शकेल एवढ्या टप्प्यात झोइयाला पुरेसे खारे पाणी आहे का, हे विचारायला हवे. बंदराच्या हद्दीत थांबणारा क्षारतेचा तक्ता याचे उत्तर देऊ शकत नाही.

बाल्टिक समुद्रात ही गोष्ट उघड्यावर पाहता येते. पश्चिमेकडे, डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या कॅटेगाटमध्ये पाणी बऱ्यापैकी खारे, मध्य भागात पृष्ठभागाची क्षारता ६ ते ८ आणि अगदी उत्तरेला बोथ्नियाच्या उपसागरात २ ते ३. हिरवा खेकडा या समुद्राच्या पश्चिम भागात राहतो आणि पुढे थांबतो. चिनी मिटन खेकडा, एरिओकेर सायनेन्सिस, याची गोष्ट वेगळी. युरोपात तो प्रथम १९१२ मध्ये जर्मनीतल्या आलर नदीत नोंदला गेला. प्रौढ मिटन खेकडा गोड्या पाण्याच्या नदीत वर्षानुवर्षे राहतो. त्याच्या शरीरातून गळती फारच कमी होते आणि त्याचे कल्ले जवळपास क्षारहीन पाण्यातूनही आयन ओढून घेतात. बाल्टिकच्या पूर्व टोकापर्यंत प्रौढ खेकडे सापडतात, तरी तिथे त्यांची पैदास होत नाही असेच मानले जाते, कारण डिंभांना लागते तेवढे खारे पाणी तिथे नाही. सापडतात ते बाहेरून चालत किंवा जहाजांतून आलेले. प्रौढाला मोकळा, डिंभाला बंद, असा हा समुद्र.

आणि मग तिसरा, ऱ्हिथ्रोपॅनोपियस हॅरिसी. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा इवलासा चिखलखेकडा १८७४ मध्येच नेदरलँड्समध्ये नोंदला गेला होता. प्रयोगशाळेत त्याचे डिंभ २.५ इतक्या कमी क्षारतेतही वाढ पुरी करतात, आणि ते समुद्राकडे वाहून जात नाहीत : भरती-ओहोटीच्या तालावर पाण्यात वर-खाली होत खाडीतच टिकून राहतात. २००९ मध्ये तो फिनलंडच्या द्वीपसमूहाच्या समुद्रात सापडला आणि तिथे रुजला. टेक्सासमधल्या गोड्या पाण्याच्या जलाशयांतही त्याने वस्ती केली आहे. त्याच बाल्टिकमध्ये, त्याच क्षारतेत, एक खेकडा दारात अडला, दुसरा आत येऊन निपुत्रिक राहिला आणि तिसऱ्याने संसार थाटला. सरासरी क्षारतेचा एक आकडा या तिघांविषयी काय सांगणार?

पूर्व आशियातून आलेले हेमिग्रॅप्सस वंशातले किनारी खेकडे, १९८८ मध्ये अमेरिकेत केप मे इथे आणि १९९० च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिसलेले, याच पंगतीतले. त्यांचा विस्तार मी इथे करत नाही. त्यांच्याही बाबतीत प्रौढ आणि डिंभ यांच्या मर्यादा निराळ्या आहेत, एवढे पुरे.

भर समुद्रात पाणी बदलण्याच्या जुन्या डी-१ पद्धतीबद्दलही बोलायला हवे, कारण सवलतींच्या चर्चेत तिच्यावर विसंबणारे अजून आहेत. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, २०० मीटर खोल पाण्यात टाकीतले ९५ टक्के पाणी बदलायचे. जुने जीव धुतले जातात आणि उरलेल्यांना क्षारतेचा धक्का बसतो. गोड्या पाण्यातल्या जीवांना मारायला हा धक्का चांगला उपयोगी पडतो. खाडीतून आलेल्या मेगॅलोपाला मात्र ३५ क्षारतेचे पाणी हा धक्का नसून त्याच्या ओळखीचे घर आहे. धुतले गेले तेवढेच गेले.

शिवाय खेकडे टाक्यांतूनच प्रवास करतात असे नाही. जहाजाच्या तळाशी पाणी आत घेण्यासाठी जाळीआड जे कप्पे असतात, त्यांत प्रौढ हिरवे खेकडे जिवंत सापडलेले आहेत. अशा कप्प्यातला खेकडा वाटेतल्या प्रत्येक बंदराचे पाणी अनुभवतो, काही तास पातळ, काही दिवस खारे. आणि वर सांगितलेल्या साऱ्या युक्त्या नेमक्या याच प्रकारच्या चढउतारासाठी आहेत. जहाजाच्या अंगावर वाढणाऱ्या जीवांविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे २०११ ची, २०२३ मध्ये सुधारलेली, पण अजून ऐच्छिक. बॅलास्टची सवलत देणाऱ्या प्रशासनाने त्याच जहाजाचे हे कप्पे शेवटचे कधी साफ झाले, एवढे तरी विचारायला हवे.

पाच वर्षांच्या मुदतीचाही प्रश्न आहे. नदीमुखाची क्षारता पाच वर्षे स्थिर राहत नाही. वर नवे धरण झाले की पूर घटतो आणि समुद्राचे पाणी आत सरकते. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला तर तेच. ज्या महिन्यांतल्या गोड्या पाण्याच्या भरवशावर सवलत दिली, ते महिने कोरडे गेले तर झोइयांना आवश्यक तेवढे दिवस मिळून जातात; आणि एक हंगाम मिळाला की पुरे, कारण हिरव्या खेकड्याची मादी एका वेळी लाखभर अंडी सहज बाळगते. उलट अतिवृष्टीत कित्येक आठवडे गोडे पाणी टिकले तर वसाहत मागेही रेटली जाते. दोन्ही घडते. कोणत्या बंदरात काय घडेल ते वेळेची नोंद ठेवल्याशिवाय कळणार नाही.

अनुभव-संकलनाचा टप्पा पुरा करून आपण कराराचा आढावा हाती घेतला आहे, म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहे. माझे मागणे फार नाही. सवलतीच्या अर्जासोबत बंदराच्या तळाशी बसवलेल्या यंत्राची किमान एक वर्षाची, तासातासाची क्षारता आणि तापमान यांची नोंद जोडणे आवश्यक करावे. ही यंत्रे आज सर्वत्र वापरात आहेत. अवघड असे त्यात काही नाही. त्या नोंदीतून किमान-कमाल काढून थांबू नये. प्रत्येक लक्ष्य जीवाच्या, म्हणजे ज्याचा धोका तपासायचा त्या जीवाच्या, प्रत्येक अवस्थेसाठी ठरलेल्या मर्यादेखाली पाणी सलग किती काळ राहिले, तो सर्वांत लांब काळ आणि तेव्हाचे तापमान लिहावे. मर्यादा ठरवताना ती किती तासांच्या किंवा दिवसांच्या प्रयोगातून आली, हे सांगणे बंधनकारक असावे. चोवीस तासांच्या प्रयोगातला आकडा आणि महिनाभराच्या प्रयोगातला आकडा एकाच रकान्यात बसवू नये.

तपासणीची हद्दही बदलायला हवी. खेकड्यांच्या बाबतीत ती बंदराच्या नकाशाची नसावी. मादी उतरून जाऊ शकते आणि मेगॅलोपा परत येऊ शकतो तेवढ्या पाण्याची असावी. समान जोखीम क्षेत्राची, म्हणजे जीव जिथे आपसूकच पसरतात असा सागरी भाग जोखमीच्या दृष्टीने एकच धरण्याची, कल्पना आपण २०१७ मध्ये स्वीकारली तेव्हा जीवांचा नैसर्गिक प्रसार विचारात घेतलाच होता. तोच विचार इथे उलट्या दिशेने वापरावा लागेल. आणि वरच्या नदीत धरण, कालवा, गाळ-उपसा किंवा नवे मुख झाले, तर मधल्या फेरतपासणीची वाट न पाहता सवलत स्थगित करून नव्याने पाहावे.

राहिले प्रशासनांसाठी एक. ज्या खाड्यांमध्ये हिरवा खेकडा आधीच शिरला आहे, तिथे सापळ्यात सापडलेले खेकडे किंवा शिंपल्यांच्या जाळ्यांना चिकटून आलेली पिल्ले थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवली की संपली, असे समजून ती जाळी दुसऱ्या खाडीत नेण्याची परवानगी कृपया देऊ नका. काही तासांचे गोडे पाणी या प्राण्याला मारत नाही. सापळ्यांचा जोर कुठे असावा, तर अंडी घेऊन माद्या ज्या खाऱ्या टप्प्यात उतरतात तिथे, आणि डिंभ सुटण्याआधीच्या आठवड्यांत. तो टप्पा आणि ते आठवडे प्रत्येक खाडीत वेगळे असतील. ते शोधायलाही तळाच्या क्षारतेची तीच तासातासाची नोंद लागेल.

आपली,
कवचधारी सागरी जीवांची एक अभ्यासक